गायकबदल (रॉक बँडमधील)

बँडचा प्रमुख गायक वारल्यानंतर किंवा मतभेदांमुळे वा स्वेच्छेने बाहेर पडल्यानंतर त्याच नावाखाली दुसरा गायक घेऊन काम चालू ठेवण्याची प्रथा. अशा बदलानंतर बँड सुधारला की बिघडला, हा रॉकच्या श्रोत्यांमधला कधीही न मिटणारा वाद आहे. तो आवाजावरून घातला जातो. निकाल मात्र पुष्कळदा दोन वेगळ्याच गोष्टींवर लागतो. गाणी रचणारे बँडमध्ये राहिले का, आणि ती नव्या माणसाच्या गळ्याला झेपणाऱ्या पट्टीत रचली गेली का?

ज्याला ‘मूळ गायक’ म्हटले जाते तो अनेकदा पहिला नसतोच. एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा बॉन स्कॉट १९७४ मध्ये डेव्ह इव्हान्सच्या जागी आला होता. आयर्न मेडन या इंग्रज हेवी मेटल बँडच्या पहिल्या दोन अल्बमांवर गाणाऱ्या पॉल डियानोच्या आधीही त्या बँडमध्ये गायक होऊन गेले होते. लोकांच्या लेखी मूळ तो, ज्याच्या आवाजात बँड पहिल्यांदा कानावर पडला.

या विषयात सर्वांत बोलके उदाहरण जेनेसिस या इंग्रज बँडचे, कारण तिथे दोन्ही निकाल लागले. चार्टरहाउस शाळेतल्या मुलांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या बँडचा गायक पीटर गॅब्रिएल कोल्ह्याचा मुखवटा आणि लाल झगा, फुलाच्या पाकळ्या, वटवाघळाचे पंख अशा अवतारांत रंगमंचावर यायचा. छायाचित्रे त्याचीच छापून येत, त्यामुळे सगळे तोच करतो असा समज पसरला. प्रत्यक्षात कीबोर्डवादक टोनी बँक्स आणि बासवादक माइक रदरफर्ड यांचा रचनेतला वाटा मोठा होता. १९७५ मध्ये गॅब्रिएल बाहेर पडला तेव्हा संगीत नियतकालिकांनी बँड संपला असे जवळपास धरूनच टाकले.

उरलेल्या चौघांनी नाव न देता जाहिरात दिली, गायक तपासले आणि दरम्यान नव्या अल्बमचे वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. एका उमेदवाराला स्टुडिओत बोलावले, तर तयार झालेल्या गाण्याची पट्टी त्याच्या गळ्याला जमेना. शेवटी ड्रमर फिल कॉलिन्स माइकसमोर उभा राहिला. तो १९७० पासून बँडमध्ये साथीचा आवाज देत होता आणि एकदोन गाणी एकट्यानेही गायला होता; म्हणजे हा आवाज श्रोत्यांना अनोळखी नव्हता, फक्त ओळखीचा आहे हे त्यांच्या लक्षात आले नव्हते. फेब्रुवारी १९७६ मध्ये आलेला ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ ब्रिटनच्या खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेला. १९८० मध्ये ‘ड्यूक’ पहिल्या क्रमांकावर पोहोचला, तर १९८६ मधले ‘इनव्हिजिबल टच’ हे गाणे अमेरिकेत अव्वल ठरले. तोवर लांबलचक रचनांची जागा आटोपशीर पॉप गाण्यांनी घेतली होती. गॅब्रिएलचे चाहते याला घसरण म्हणतात. त्यांची तक्रार खोटी नाही, पण त्या वळणाचे सगळे खापर कॉलिन्सवर फोडणे अन्यायाचे आहे. गिटारवादक स्टीव्ह हॅकेट १९७७ मध्ये निघून गेला, याचाही त्यात वाटा होता.

पुढे १९९६ मध्ये कॉलिन्सही गेला. बँक्स आणि रदरफर्ड, म्हणजे मुख्य रचनाकार, जागेवरच होते. त्यांनी स्टिल्टस्किन या बँडमधला रे विल्सन घेतला आणि १९९७ मध्ये ‘कॉलिंग ऑल स्टेशन्स’ काढला. ब्रिटनमध्ये तो बरा चालला, अमेरिकेत मात्र आपटला आणि तिकिटे खपेनात म्हणून तिथला दौरा रद्द झाला. विल्सन वाईट गायक नव्हता. पण कॉलिन्स आधी बँडच्या घडणीत मुरला आणि मग गायक झाला, विल्सनला तेवढी उसंत मिळालीच नाही. शिवाय या वेळी केवळ गायकच नव्हे, तर ड्रमर आणि गाण्यांचा एक कर्ताही गेला होता.

नवा गायक येऊन भरभराट झाल्याचे ठळक उदाहरण एसी/डीसीचे. १९ फेब्रुवारी १९८० रोजी लंडनमध्ये एका उभ्या मोटारीत बॉन स्कॉट मृतावस्थेत सापडला. बँडचे गिटारवादक अँगस आणि माल्कम या यंग बंधूंनी न्यूकॅसलच्या जॉर्डी बँडमधला ब्रायन जॉन्सन निवडला. बहामातील नासाऊ येथे ध्वनिमुद्रण उरकले आणि स्कॉटच्या मृत्यूला सहा महिने व्हायच्या आत, २५ जुलै १९८० रोजी, ‘बॅक इन ब्लॅक’ बाजारात आला. वेष्टन शोकाचे म्हणून काळे, सुरुवातच घंटेच्या टोल्यांनी. जगातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत तो गणला जातो. गिटारचे मुखडे यंग बंधूंचे, निर्माता मागल्या अल्बमचाच मट लँग. बदलला तो शब्द लिहिणारा आणि गाणारा. जॉन्सनने स्कॉटच्या खट्याळ ढंगाची नक्कल केली नाही. त्याचा आवाज वरच्या पट्टीत खरवडत जाणारा, आणि नवी गाणी त्यालाच धरून रचलेली होती.

आयर्न मेडनमध्ये रचनेची सूत्रे कायम बासवादक स्टीव्ह हॅरिसकडे राहिली. १९८१ मध्ये डियानो जाऊन ब्रूस डिकिन्सन आला आणि पुढच्याच वर्षी ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ ब्रिटनमध्ये पहिला आला. १९९३ मध्ये डिकिन्सन गेला. त्याच्या जागी आलेल्या ब्लेझ बेलीचा आवाज खर्जाकडे झुकणारा, आणि मैफलीत त्याला रोज डिकिन्सनच्या उंच पट्टीतली गाणी पेलावी लागत. गळा बसल्याने काही कार्यक्रम रद्द करावे लागले. दोष बेलीच्या माथी मारला गेला. माझ्या मते तो पट्टी न बदलणाऱ्यांचा अधिक होता. १९९९ मध्ये डिकिन्सन परतला. १ फेब्रुवारी २००८ रोजी मेडनचा जगदौरा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू झाला तेव्हा बँडचे विमानही तोच चालवत होता.

क्वीन या इंग्रज बँडचा महाराष्ट्राशी जुना धागा आहे. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथल्या ‘हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये तो पियानो वाजवी. पुढे लंडनमध्ये ‘स्माइल’ या बँडचा गायक टिम स्टॅफेल १९७० मध्ये सोडून गेला, त्याच्या जागी फ्रेडी आला आणि क्वीन उभा राहिला. थोडक्यात, ज्याची जागा भरणे अशक्य मानतात तो स्वतः दुसऱ्याच्या जागी आलेला होता. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो वारला. क्वीनचे चौघेही गाणी रचत, आणि चौघांचीही गाजली. वरच्या कसोटीने बँड तरायला हवा होता. पण पॉल रॉजर्सबरोबरचा २००८ मधला एक अल्बम सोडला तर गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांनी नव्या गायकासह नव्या गाण्यांचा अल्बम केला नाही. अ‍ॅडम लॅम्बर्टबरोबरचे दौरे तुडुंब भरतात, पण ते जुन्याच गाण्यांवर. ‘क्वीन’ आणि गायकाचे नाव यांमध्ये ते अधिक चिन्ह घालतात, हा प्रामाणिकपणा म्हणायचा.

नाव सोडून देण्याचाही मार्ग असतो. १८ मे १९८० रोजी गायक इयन कर्टिसने आत्महत्या केल्यावर जॉय डिव्हिजन या इंग्रज बँडच्या उरलेल्यांनी ‘न्यू ऑर्डर’ हे नाव घेतले, गिटारवादक बर्नार्ड समनर गाऊ लागला आणि संगीत नृत्यतालाकडे वळले. उलट गायक जिम मॉरिसनच्या मृत्यूनंतर द डोर्स या अमेरिकन बँडने जुन्याच नावावर दोन अल्बम काढले आणि १९७३ मध्ये गाशा गुंडाळला.

भारतात दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडवर ही वेळ आली. २५ डिसेंबर २००९ रोजी गायक असीम चक्रवर्ती वारले. ते तबला वाजवत वाजवत गात, त्यामुळे त्यांच्या जागी गायक हिमांशू जोशी आणि तबलावादक तुहीन चक्रवर्ती असे दोघे घ्यावे लागले. बासवादक राहुल राम पूर्वीपासून गात असल्याने जुन्या गाण्यांचा एक आवाज शाबूत होता. असीम यांच्या हयातीत ध्वनिमुद्रित झालेली गाणी २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ या नावाने आली. २०१४ च्या ‘तांडनू’त बँडने शुभा मुद्गल, शंकर महादेवन यांच्यासारखे पाहुणे बोलावले, तोवर संस्थापक गिटारवादक सुस्मित सेनही बाहेर पडले होते.