घंटागाडीमागच्या कामगाराची जबाबदारी कुणावर? विदर्भातल्या छोट्या गावांची पार्श्वभूमी

समुद्रपूर, सेलू, राळेगाव, मारेगाव यांसारख्या तालुक्याच्या गावांत दुकानांचा कचरा आणि घरांचा कचरा वेगळ्या गाड्यांनी जात नाही. बसस्टँडवरची हॉटेलं, चिकन सेंटर, कृषी केंद्र, खासगी दवाखाने, मंगल कार्यालय, आठवडी बाजार हे सगळं एकाच घंटागाडीत पडतं. गाडीच्या मागच्या भागात उभं राहून हातांनी कचरा निवडणाऱ्या माणसाला, आणि पुष्कळ ठिकाणी ती बाईच असते, इजा झाली तर पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न आजही भिजत पडला आहे.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. खेड्यात उकंडा ज्याचा त्याचा असे आणि त्याचं खत शेतात जाई. मेलेलं ढोर ओढणं, वाट झाडणं ही कामं जातीवर लादलेली होती. कामठीच्या छावणीत आणि मोठ्या नगरपालिकांत ती मेहतर कुटुंबांवर पडली. याच मातीत, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, 1876 साली गाडगेबाबा जन्मले आणि त्यांनी हातात खराटा घेऊन गावं झाडली. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान 2000 साली सुरू झालं. अभियानाने गावं स्वच्छ केली, यात शंका नाही. पण त्यात सफाई म्हणजे श्रमदान आणि बक्षीस असंच चित्र ठसलं. श्रमदानाचा ढीग दुसऱ्या दिवशी रोजीवर उचलणारा माणूस त्या चित्रात कुठेच नव्हता.

सुरक्षेच्या कायद्यांतही तो नव्हता. 1948 चा कारखाने कायदा कारखान्याच्या आवारापुरता, आणि घंटागाडी म्हणजे काही कारखाना नव्हे. 2000 सालचे घनकचरा नियम शहरी संस्थांसाठी होते. तालुक्याची ही गावं तेव्हा ग्रामपंचायती होती, म्हणून नियमांबाहेर राहिली.

2014-15 मध्ये राज्याने तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या. गावं तीच राहिली, पण कागदावर शहरं झाली. त्याच सुमारास स्वच्छ भारत अभियान आलं, गाड्या आल्या, आणि गाड्यांबरोबर ठेकेदार आले. 8 एप्रिल 2016 चे घनकचरा व्यवस्थापन नियम या नव्या शहरांना लागू झाले आणि मार्च 2026 अखेरपर्यंत चालले. त्यांत गणवेश, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं आणि मास्क अशी यादीच होती. मात्र वाक्याची रचना बारकाईने पाहावी लागते. या वस्तू काम चालवणाऱ्याने द्यायच्या आणि तो देतो की नाही हे स्थानिक संस्थेने पाहायचं. म्हणजे देणारा एक, बघणारा दुसरा. हमरस्त्यावरच्या ज्या ढाब्यांची हद्द साध्या ग्रामपंचायतीत येते, तिथे तर हे नियमही पोचत नव्हते.

त्याआधी अकराच दिवस, 28 मार्च 2016 रोजी, जैववैद्यकीय, म्हणजे दवाखान्यांतल्या, कचऱ्याचे नियम निघाले होते. त्यांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा तपासणी आणि अपघाताची नोंद बंधनकारक आहे. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत लसीचा शब्दही नव्हता. आरोग्य तपासणी होती, पण ती भरावभूमीवर, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेवर, काम करणाऱ्यांची. आता छोट्या दवाखान्याने वापरलेली सुई पांढऱ्या टणक डब्यात न टाकता वर्तमानपत्रात गुंडाळून घंटागाडीत दिली, तर ती ज्याच्या बोटात घुसते तो लसीच्या नियमाबाहेर असतो. सुई तीच आणि रक्तही तेच.

कीटकनाशकांच्या रिकाम्या डब्यांचंही असंच. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा फवारणाऱ्याच्या मास्कबद्दल आणि हातमोज्यांबद्दल बोललं गेलं, तपास झाला. फवारणीनंतर डबा कुठे जातो, याकडे फारसं लक्ष गेलं नाही. 2016 च्या घनकचरा नियमांच्या व्याख्येत तो घरगुती घातक कचरा होता आणि वेगळा द्यायचा होता. प्रत्यक्षात तो कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, भरून येतो. भंगारात प्लास्टिकला भाव असतो, म्हणून गाडीवरचा माणूस झाकण उघडतो, तळाशी उरलेलं औषध नालीत ओततो आणि चपलेखाली डबा चेपतो.

आता मुख्य वादाकडे येऊ. हे काम ठेक्याने देण्याचा निर्णय नगरपंचायतींच्या दृष्टीने सोपा होता. पदं मंजूर नव्हती, ग्रामपंचायतीच्या जुन्या कर्मचाऱ्यांचं समावेशन रेंगाळलं होतं आणि कचरा रोज उचलावाच लागत होता. ही अडचण खरी होती. पण मस्टरवरचं नाव ठेकेदाराकडे गेलं, तशी जबाबदारीही गेली असं सगळ्यांनी गृहीत धरलं, आणि ते चूक होतं.

1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा याबाबत आश्चर्य वाटावं इतका स्पष्ट होता. मुख्य मालकाने आपलं नेहमीचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तरी जखमी कामगाराला भरपाई मुख्य मालकाने द्यायची आणि नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करायची. स्थानिक संस्थेची कर्तव्यं हाच तिचा व्यवसाय मानावा, असंही त्या कायद्यात लिहिलं होतं. मेख एकच होती. अपघात मुख्य मालकाने काम घेतलेल्या किंवा त्याच्या ताब्यातल्या जागेत झालेला हवा. गावातून राज्य महामार्ग जातो, त्याच्या कडेला कचरा उचलताना ट्रकची धडक बसली, तर जागा कुणाची? इथून पुढे तारखांवर तारखा. रोजीवरच्या कुटुंबाला त्या परवडत नाहीत आणि मग तडजोडीत मिळेल ते घेतलं जातं.

1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा मुळात 20 कामगारांची. त्याच्या जागी आलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता 2020 साली संसदेत मंजूर झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात कंत्राटी कामगारांच्या प्रकरणाची मर्यादा 50 आहे. छोट्या नगरपंचायतीच्या ठेक्यावर इतकी माणसं नसतातच. शिवाय आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार नकोत असं संहिता म्हणते, पण झाडलोट, कचरा गोळा करणं आणि त्याची विल्हेवाट ही कामं मुख्य कामातून वगळते. त्यालाही अट आहे, आस्थापना त्याच कामासाठी उभी नसेल तर. नगरपंचायत कशासाठी उभी असते? राज्याच्या 1965 च्या नगरपरिषद कायद्यात सफाई हे बंधनकारक कर्तव्य आहे. माझ्या मते उत्तर त्यातच आहे आणि ही सूट नगरपंचायतींना मिळू नये. ठेका पद्धतीच्या बाजूचे लोक नेमकं उलट वाचतात: पालिका शंभर कामं करते, सफाई त्यातलं एक.

संहितेने एक चांगली गोष्टही दिली आहे. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यावं लागतं. कामावर होतो हेच सिद्ध करता न आल्याने जे दावे सुरुवातीलाच बारगळत, त्यांना या कागदाचा आधार मिळेल, पण संहिता लागू व्हायला आस्थापनेत किमान दहा कामगार लागतात.

या सगळ्या नियम-कायद्यांत ऊन कुठेच धरलेलं नाही. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला इथे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. रबरी हातमोज्यात घामाने बोटं पांढरी पडतात, जाकीट अंगाला चिकटतं, आणि माणूस दोन्ही काढून ठेवतो. मग तपासणीत शेरा पडतो: साहित्य दिलं, कामगार वापरत नाही. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या हंगामात सडक्या फळांचे ओले कट्टे गाडीच्या खांद्याएवढ्या कठड्यावरून आत टाकावे लागतात, आणि कमरेचं दुखणं कोणत्याही नोंदवहीत अपघात म्हणून चढत नाही. सकाळी लवकर फेरी, पातळ पण न फाटणारे मोजे, कमी उंचीचा कठडा, लस, हे सगळं निविदेत स्वतंत्र रकमेसह लिहिता येतं. पुष्कळ निविदांत आजही गाडी, डिझेल आणि मजुरी यांचा हिशेब सविस्तर असतो, तर सुरक्षेला एक ओळ मिळते: सर्व जबाबदारी ठेकेदाराची राहील.