संध्याकाळी साडेसहाला नेट का रेंगाळते?

मे महिन्यात नागपूरच्या घराघरांत कूलर घरघरत असतात, आणि आमच्या प्रतापनगरच्या घरी नेट मंदावू लागले तेव्हा पहिला संशय खिडकीतल्या कूलरवरच गेला. सकाळी व्यवस्थित चालणारे इंटरनेट संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास अडखळू लागे, व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा आवाज तुटे आणि तास-दीड तासाने सारे आपोआप सुरळीत होई. तक्रार केल्यावर तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आला, त्याने वेग मोजला, तो पुरेपूर भरला आणि तो निघून गेला. त्याचे काही चुकले नव्हते. तो आला तेव्हा बिघाडच घरात नव्हता. अधूनमधून होणाऱ्या बिघाडाची खरी अडचण ही असते, आणि म्हणूनच त्याच्या तपासाचे पहिले साधन साधी वही आहे. नेट किती वाजता मंदावले, किती वाजता सुधारले, त्रास एकाच खोलीत होता की सगळीकडे, आणि त्या वेळी घरात कोण आले होते व कोणती उपकरणे चालू होती, एवढे चार-पाच दिवस लिहून ठेवले तरी तपासाला दिशा मिळते.

दुसरे साधन म्हणजे पिंग. अमेरिकी संगणकतज्ज्ञ माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटासा प्रोग्राम आजही प्रत्येक संगणकात असतो. तो समोरच्या यंत्राला हाक मारतो आणि प्रतिसाद यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगतो. पाणबुडीच्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला हे नाव मिळाले. वेग मोजणारी ॲप घरापासून दूरच्या सर्व्हरपर्यंतच्या सबंध वाटेचा एकच आकडा देतात, त्यामुळे अडथळा नेमका कुठे आहे ते त्यांतून कळत नाही. अंतरे मोजण्याच्या झिरो माइल दगडाच्या शहरात, म्हणजे नागपुरात, राहणाऱ्यांना हे सांगायला नको की अंतर मोजण्याआधी ते कुठून मोजायचे हे ठरवावे लागते. घरच्या नेटचा हा शून्य मैल म्हणजे राउटर. म्हणून संगणकावर आज्ञा टाइप करण्याच्या (कमांड प्रॉम्प्टच्या) दोन खिडक्या उघडून एकीत राउटरला (त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरखालच्या पट्टीवर छापलेला असतो) आणि दुसरीत ८.८.८.८ यासारख्या बाहेरच्या पत्त्याला सतत पिंग करत ठेवावे आणि बिघाडाच्या वेळेची वाट पाहावी.

बाहेरच्या आकड्याकडून किती अपेक्षा ठेवावी, याचा अंदाज भौतिकशास्त्रातून बांधता येतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नागपूर ते मुंबई ही वाट आठशे किलोमीटर धरली, तर जाऊन-येऊन सोळाशे किलोमीटरला ८ मिलिसेकंद लागतात, आणि त्याहून कमी वेळ कोणतीही कंपनी देऊ शकत नाही. वाटेतली यंत्रे आणि वळणे धरून २० ते ४० मिलिसेकंद दिसले तर ते निरोगी म्हणावे. राउटरपर्यंतचा आकडा मात्र एक अंकी किंवा फार तर दहा-पंधराच्या आत असायला हवा.

राउटरचाच आकडा उड्या मारू लागला, तर दोष घरातल्या वायफायमध्ये आहे. इथे कूलरवरचा संशय अगदीच निराधार नसतो, कारण त्याचा लोखंडी पत्रा रेडिओलहरी परतवतो आणि टाकीतले पाणी त्या शोषते. राउटर कूलरच्या पलीकडे असेल तर मधल्या खोलीत सिग्नल दुबळा होणारच. अनेक राउटर ० ते ४० अंश तापमानासाठी बनवलेले असतात, आणि पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकलेल्या बंद टीव्ही कपाटात मे महिन्यात किती अंश होत असतील, याची कल्पना नागपूरकराला करून द्यावी लागत नाही. शेजारच्या घरांची वायफायही एकमेकांत मिसळतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी वाहिनी तीनच, १, ६ आणि ११, त्यामुळे फ्लॅट स्कीममध्ये तिथे गर्दी होते आणि मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात त्यात भर घालतो. राउटर मोकळ्या जागी उंचावर ठेवणे आणि जवळच्या उपकरणांना ५ गिगाहर्ट्झवर नेणे, एवढ्याने बहुतेक घरांचे काम भागते.

आमच्याकडे मात्र साडेसहाला राउटरचा आकडा ३ मिलिसेकंदांवर शांत होता आणि बाहेरचा ३० वरून ९०० वर गेला होता. कूलर निर्दोष ठरला. दोष कंपनीचा, असे म्हणून मी फोन उचललाही होता. पण वहीत रोज एकच नोंद होती की मुलगी सव्वासहाला कॉलेजातून घरी येते. तिचा फोन वायफायला जोडला गेला की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर चढवू लागे. आमच्या प्लॅनमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडहून बराच कमी आहे, आणि तो सगळा त्या एका फोनने व्यापला जात होता. फोनचे वायफाय बंद करताच आकडा पुन्हा ३० वर आला.

फोटो वर जात असताना खाली येणारा व्हिडिओ का अडावा, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठ आणि जेमतेम चारशे यार्डांवरची प्रयोगशाळा यांच्यातला वेग गर्दीमुळे सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. त्या प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर जो उपाय बसवला तो आजही आपल्या नेटचा पाया आहे. पाठवलेली पाकिटे (नेटवरून जाणाऱ्या माहितीचे लहान तुकडे) गहाळ होऊ लागली की वाट भरली असे समजून पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यायचा, असा तो नियम. पुढे स्मृती स्वस्त झाली आणि राउटर-मोडेममध्ये मोठमोठ्या रांगा साठवण्याची सोय झाली. मग पाकीट गहाळ होईना. ते रांगेत उभे राहू लागले, आणि पाठवणाऱ्याला गर्दीचा इशाराच मिळेना. व्हिडिओ पाहताना आपले यंत्र 'मिळाले, पुढचे पाठवा' अशा लहान पोचपावत्या सतत वर पाठवत असते. त्या पावत्या फोटोंच्या रांगेमागे अडकतात, जशी बंद रेल्वे फाटकापाशी ट्रकांच्या मागे रुग्णवाहिका अडकावी. जिम गेटिस या तज्ज्ञाला २०१० साली स्वतःच्या घरी मोठ्या फाइली पाठवताना हाच अनुभव आला आणि त्याने या दोषाला 'बफरब्लोट' हे नाव दिले. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली बांधण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्रीवर ढकलावा. आम्ही दुसरा उपाय केला.

सर्व उपकरणे काढून एकच संगणक वायरने जोडल्यावरही बाहेरचा आकडा बिघडलेलाच राहिला, तर मात्र दोष खरोखर बाहेर आहे. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला, किंवा पिवळी वायर कपाटामागे करकचून वाकली असेल, तर प्रकाशच पुरेसा पोचत नाही. अनेक डब्यांच्या सेटिंगमध्ये मिळणारा प्रकाश आकड्यांत दिसतो. तो उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजण्याच्या एककाच्या) खाली गेला की तक्रारीत तो आकडा आणि वहीतल्या वेळा सांगाव्यात.

याच तपासात राउटरच्या यादीत मला दोन अनोळखी उपकरणे दिसली आणि छातीत धस्स झाले. नेट मंद आणि वर अनोळखी पाहुणे, म्हणजे कुणीतरी घुसले आहे असेच कोणालाही वाटेल. पण २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपली ओळख लपवण्यासाठी बनावट मॅक पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) वापरतात. मॅक पत्त्याच्या बारा अक्षरांपैकी दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नसून बहुधा एखाद्या फोनने स्वतः तयार केलेला असतो. घरातले फोन एकेक करून बंद करत गेलो, तसे ते दोन्ही पाहुणे यादीतून नाहीसे झाले.

संगणकातल्या जोडण्यांचेही तसेच आहे. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये नेटवर्क हा भाग उघडला की डझनावारी परदेशी पत्ते दिसतात आणि माणूस बावरतो. त्यांतले बहुतेक ४४३ या पोर्टवरचे (पोर्ट म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक), म्हणजे साध्या सुरक्षित संकेतस्थळांचे असतात, ५२२८ हे गुगलच्या सूचनांचे पोर्ट आहे, ७६८० वर विंडोज आपले अपडेट दुसऱ्या संगणकांशी वाटून घेते, आणि १२७.०.०.१ हा तर संगणकाचा स्वतःशीच चाललेला संवाद. पत्ता परदेशी आहे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. जोडणी कोणत्या प्रोग्रामची आहे हे पाहावे. तो तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरातून चालत असेल, त्याचा निर्माता कळत नसेल आणि कोणी काही करत नसतानाही तो सतत काही पाठवत असेल, तर काळजी करावी आणि केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरची मोफत साधने चालवून पाहावीत. हे केंद्र २०१७ पासून याच कामासाठी आहे. त्याखेरीज राउटरच्या सेटिंगमधला डीएनएस पत्ता (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) आपण किंवा कंपनीने न देता बदललेला आढळला, तर तेही गंभीर समजावे.

खरा धोका बहुतेकदा संगणकात नसून दारावरच्या कॅमेऱ्यात आणि त्याचे चित्रण साठवणाऱ्या डब्यात, म्हणजे डीव्हीआरमध्ये, असतो. २०१६ च्या मिराई या घुसखोर प्रोग्रामने कारखान्यातून आलेल्या साठहून अधिक नाव-पासवर्डांच्या जोड्या आळीपाळीने लावून पाहिल्या, लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या माऱ्याने अमेरिकेतली अनेक मोठी संकेतस्थळे बंद पाडली. ज्यांच्या घरचा कॅमेरा त्यात सामील होता, त्यांना जाणवले तर एवढेच की नेट मधूनच मंदावते. मिराई यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहतो, म्हणून कॅमेरा बंद-चालू केला की तो पुसला जातो. पण पासवर्ड जुनाच असेल तर काही मिनिटांत तो परत शिरू शकतो. त्यामुळे अशा कॅमेऱ्याची नेटची वायर आधी काढावी, मग तो बंद-चालू करावा, घरातल्या घरात नवा पासवर्ड बसवावा, राउटरमधला बाहेरून नियंत्रणाचा पर्याय बंद करावा, आणि त्यानंतरच वायर पुन्हा जोडावी.