पुस्तक उघडण्याआधी: ‘बाल्झाक अँड द लिटल चायनीज सीमस्ट्रेस’

सप्रेम नमस्कार,

या महिन्यात आमच्या वाचनालयातून आपल्याकडे येणारी कादंबरी दाई सिजिए यांची आहे. मूळ फ्रेंच, २००० साली आलेली. आपल्या हातातली प्रत इना रिल्के यांच्या इंग्रजी अनुवादाची. पुस्तक छोटं आहे, पण काळ ठाऊक नसेल तर काही जागा निसटतात. म्हणून हे टिपण.

चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीचा, म्हणजे सर्वोच्च नेते माओ यांनी जुने विचार आणि शिकलेला वर्ग यांच्याविरुद्ध छेडलेल्या मोहिमेचा हा काळ, १९६६ ते १९७६. शहरातली शिकलेली मुलं ‘पुनर्शिक्षणा’साठी खेड्यांत धाडली गेली, एक कोटीहून अधिक. कादंबरीतला निवेदक आणि त्याचा मित्र लुओ १९७१ मध्ये सिचुआनच्या डोंगरात येतात आणि पाठीवरून मैला वाहू लागतात. गुन्हा आईवडिलांचा: लुओचे वडील दंतवैद्य, माओंचे दात आपण नीट केले एवढं ते चारचौघांत बोलून गेले. लेखकानेही तरुणपणी अशी वर्षं काढली आहेत.

मग एका ओळखीच्या मुलाकडे बंदी असलेल्या परदेशी पुस्तकांची पेटी असल्याचा सुगावा लागतो. निवेदक एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक याच्या कादंबरीतला एक उतारा आपल्या मेंढीच्या कातड्याच्या कोटाला आतून लिहून काढतो, कारण कागद नाही. पुढे एक डॉक्टर तो मजकूर वाचतो आणि नुसत्या भाषेवरून अनुवादक ओळखतो: फू लेई. हा खराखुरा माणूस. बाल्झाकला चिनी भाषेत आणणाऱ्या फू लेईंनी छळाला कंटाळून सप्टेंबर १९६६ मध्ये पत्नीसह आयुष्य संपवलं. तो प्रसंग सावकाश वाचा. अनुवादकाला मिळालेली एवढी मोठी दाद आम्ही दुसऱ्या कुठल्या कादंबरीत वाचलेली नाही.

प्रेमकथा शेजारच्या गावातल्या शिंप्याच्या मुलीची. लुओ तिला पुस्तकं वाचून दाखवतो. तिला शहाणं करावं, हा त्याचा हेतू. ती मात्र तो कोट अंगात घालून शब्द कातडीला लागू देते. ऐकलेल्या गोष्टींचं ती स्वतःसाठी काय करते, हे लुओच्या हातात राहत नाही. आमच्या मते कादंबरीचं सगळं बळ इथे आहे.

शेवटची पानं आधी चाळू नका. शेवटावरून सभासदांत दोन तट पडतात. आपण कुठल्या बाजूचे, ते पुस्तक परत करताना सोबतच्या चिठ्ठीवर जरूर लिहा.