लग्न लावलं ते भन्ते नव्हते

यंदाच्या लग्नसराईतली एक पत्रिका माझ्यासमोर आहे. ‘मंगल परिणय विधी : भन्ते’ असं छापून पुढे आमच्याच तालुक्यातल्या एका शिक्षकांचं नाव आहे. हे गुरुजी बायको-मुलांत राहतात, चार एकरांत कपाशी आणि तूर घेतात, आणि सुटीच्या दिवशी पांढरे कपडे घालून गावोगाव लग्नं लावतात. ते बौद्धाचार्य आहेत, म्हणजे बौद्ध विधी पार पाडणारे गृहस्थ; भन्ते म्हणतात ते भिक्खूंना. स्वतःला भन्ते त्यांनी कधी म्हणवून घेतलं नाही, तरी दर उन्हाळ्यात पत्रिकांवर हेच छापून येतं.

भिक्खू कोण, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. मुंडण, अंगावर चीवर हे भिक्खूंचं वस्त्र, पावसाळ्यात तीन महिने एकाच विहारात वर्षावास, हे आपण लहानपणापासून पाहिलं आहे. उपसंपदेला, म्हणजे भिक्खू म्हणून मिळालेल्या पूर्ण दीक्षेला, दहा वर्षावास झाले की थेर, वीस झाले की महाथेर. भिक्खुणींना आपल्याकडे आर्याजी म्हणतात. एवढं पुरे.

घोळ आहे तो बौद्धाचार्यांच्या बाबतीत. भिक्खू होणं म्हणजे घर सोडून संघात जाणं. त्यासाठी वयाची वीस वर्षं पूर्ण लागतात, संघासमोर उपसंपदा लागते, आणि मग थेरवादी विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचे, 227 नियम पाळावे लागतात. बौद्धाचार्य घरातच असतो. तो उपासक आहे, पंचशील पाळणारा गृहस्थ. बाबासाहेबांनी 1955 साली स्थापन केलेली भारतीय बौद्ध महासभा अशा लोकांना शिकवून तयार करते. नामकरण, मंगल परिणय, गृहप्रवेश, तेरवीच्या जागी होणारं पुण्यानुमोदन, हे विधी पार पाडणं हे त्याचं काम. उद्या त्यानं ते थांबवलं तरी तो होता तोच उपासक राहतो. भिक्खूनं चीवर उतरवलं तर त्याचं अख्खं जगणं बदलतं.

मधली एक पायरी आहे, तिथे बहुतेक लोक चुकतात. दहा दिवसांच्या शिबिरात गावातला माणूस श्रामणेर, म्हणजे उपसंपदेआधीचा नवदीक्षित, होतो, डोकं भादरून, चीवर घालून, दहा शीलं घेऊन. अनेक बौद्धाचार्य या शिबिरातून गेलेले असतात. अकराव्या दिवशी तो चीवर परत करून शेतावर जातो. त्यात कमीपणा काही नाही, थायलंड-ब्रह्मदेशातही थोड्या काळासाठी चीवर घेऊन परत येण्याची रीत आहे. पण गावानं त्याला दहा दिवस भन्ते म्हटलेलं असतं, ते पुढे दहा वर्षं सुटत नाही.

दुसरं कारण आपल्या वंदनेतच आहे. ‘ओकास, अहं भन्ते तिसरणेन सद्धिं पंचसीलं धम्मं याचामि’ ही त्रिसरणासह पंचशील मागण्याची याचना मुळात भिक्खूंपुढे करायची. भिक्खू नसले तरी आपण तेच शब्द म्हणतो, आणि समोर बौद्धाचार्य बसलेले असतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हेच भन्ते. खरं तर भन्ते हे पालीतलं आदरानं हाक मारण्याचं संबोधन आहे. सुत्तांमध्ये लोक बुद्धालाही याच शब्दानं हाक मारतात. छापताना नावापुढे भिक्खू किंवा भदंत लिहावं.

“भन्तेंनीच लावलं पाहिजे, मंगच पक्कं लगन,” असा हट्ट आमच्याकडे म्हातारी माणसं धरतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. स्त्री-पुरुषाची सोयरीक जुळवणं भिक्खूसाठी विनयातला संघादिसेस दोष आहे, संघातून कायमचं बाहेर काढणाऱ्या पाराजिकाच्या खालोखालचा. लग्न हा गृहस्थांचा मामला, तो गृहस्थानं पार पाडावा. भिक्खू आले तर त्यांच्याकडून मंगलसुत्त हे पाली सुत्त ऐकावं, आशीर्वाद घ्यावा, आणि पुढचा विधी बौद्धाचार्यांवर सोडावा. गृहस्थाच्या हातून झालेलं कार्य उणं ठरतं असं मानणाऱ्यांनी 14 ऑक्टोबर 1956 आठवावा. नागपुरात बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिसरण-पंचशील घेतलं, आणि त्यानंतर समोरच्या लाखोंना धम्मदीक्षा स्वतः दिली. तेव्हा त्यांच्या अंगावर चीवर नव्हतं.

बौद्धाचार्यांना कुणी ‘आपले भटजी’ म्हटलं तर मी तिथल्या तिथे टोकतो. हे काम जन्मानं मिळत नाही, बापाकडून मुलाकडे जात नाही, शिकेल तो करतो. काही गावांत बायाही लग्नं लावतात आणि स्वच्छ पाली म्हणतात.

देण्याघेण्यातही हा फरक सांभाळायचा असतो. बौद्धाचार्यांना येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन द्यावं, त्यांनी दिवसाची मजुरी किंवा सुटी बुडवलेली असते. सोनं-चांदी, पैसा न घेण्याचं शील श्रामणेरालाही असतं, म्हणून भिक्खूंच्या हातात नोटांचं पाकीट ठेवू नये. चीवर, भोजन, औषध द्यावं. मध्यान्हानंतर ते जेवत नाहीत. मे महिन्यातली लग्नं आपल्याकडे हमखास लांबतात, नवरदेव दुपारी दोनला पोचतो, आणि मग त्यांच्यापुढे ताट धरून “घ्या ना भन्ते, दोन घास” असा आग्रह चालतो. त्यांना वरातीची वाट पाहायला लावू नका. अकरा वाजता भोजनदान करा, मंगलसुत्त होऊ द्या, मग वरात येईल तेव्हा बौद्धाचार्य लग्न लावतील.