उंबराला फूल येतं, आणि शेकड्यांनी येतं

"काय रे, उंबराचं फूल झालास!" बऱ्याच दिवसांनी गावी गेलं की हे ऐकावं लागतंच. यंदा मे महिन्यात गुहागरजवळच्या आमच्या गावी गेलो, तर आत्याने मोबाइलवर आलेला फोटोही दाखवला. मध्यरात्री फुलणारं पांढरंशुभ्र 'उंबराचं फूल', बघेल त्याला धनलाभ. फोटो भलत्याच फुलाचा होता. शिकलेली माणसंही असं पुढे पाठवतात याचं वाईट वाटतं, कारण खरं फूल भरदिवसा, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठी, कुणालाही बघता येतं.

कोवळं उंबर उभं चिरलं की आतल्या भिंतीला चिकटलेली बारीक फुलं दिसतात. आपण ज्याला फळ म्हणतो तो आत वळलेला फुलोरा आहे. वाट एकच, टोकाचं खवल्यांनी झाकलेलं भोक. त्यातून जेमतेम दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी, सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स, अंग घासत आत शिरते. पंख तिथेच तुटतात. सोबत आणलेले परागकण ती मादीफुलांना देते, काही फुलांच्या अंडाशयात अंडी घालते आणि आतच मरते. अंडी मुख्यतः आखूड कुक्षीवृंताच्या, म्हणजे अंडाशयावरची दांडी आखूड असलेल्या फुलांत पडतात. लांब कुक्षीवृंताच्या फुलांचं अंडाशय भिंतीलगत खोल असतं, त्यामुळे त्यांत बी धरतं. काही आठवड्यांनी आधी बिनपंखी नर आपापल्या फुलातून बाहेर पडतात, अजून फुलातच असलेल्या माद्यांशी मीलन करतात, भिंतीला बोगदा पाडतात आणि मरतात. तोवर नरफुलं पिकलेली असतात. माद्या पराग घेऊन उडतात.

या उंबरावर डोळा ठेवणाऱ्या गांधीलमाश्या आणखीही आहेत. त्या पराग आणत नाहीत, आतही शिरत नाहीत. बाहेरूनच भिंतीतून नळी खुपसून अंडी घालतात. मग त्या एकमेकींना हुसकावून का लावत नाहीत? १९३४ साली रशियन शास्त्रज्ञ गॉझ यांनी मांडलं होतं की अगदी एकाच गरजेवर जगणाऱ्या दोन जाती एकत्र टिकत नाहीत. इथे गरजाच वाटून घेतलेल्या आहेत. काही जाती फळ लहान असताना, परागवाहक माशीच्याही आधी येतात. त्यांची नळी आखूड. काही उशिरा येतात, तेव्हा फळ मोठं झालेलं असतं, म्हणून नळी लांब. काही तर फुलाच्या नव्हे, आतल्या अळीच्या शोधात असतात. अशा एका परजीवी माशीच्या नळीच्या टोकावरचे दात जस्ताने कडक झालेले असतात, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं. परिसंस्थेतल्या जातीच्या अशा स्थानाला इंग्रजीत 'निश' म्हणतात. मला त्यासाठी आपला 'कोनाडा' हा शब्द आवडतो, फक्त हा कोनाडा जागेसोबत वेळेचा आणि हत्याराच्या लांबीचाही असतो.

पिकलेलं उंबर मग ककणेर (धनेश पक्षी), वटवाघळं, माकडं खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात.

बाहेर पडलेल्या मादीचं आयुष्य मात्र एक-दोन दिवसांचं. एका झाडावरची उंबरं बहुधा एकदमच पिकतात, म्हणजे तेवढ्या वेळात तिला कोवळी उंबरं लागलेलं दुसरं झाड गाठायचं असतं. आमच्या व्हाळावर पूर्वी पाच उंबर होते. रस्ता रुंद करताना तीन तोडले.