जंगलात मुक्कामाला बंदूक नेता येते का? पुणेकरांसाठी शस्त्र परवाना आणि वनविभागाच्या परवानगीची माहिती

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की पुण्यातल्या ट्रेकिंग मंडळींत हा प्रश्न निघतोच. मेळघाट, बुलढाण्याचं ज्ञानगंगा किंवा उत्तराखंडातलं हर की दून असा बेत ठरलेला असतो. तिकडे अस्वलं आहेत हे कुणीतरी सांगितलेलं असतं. घरात आजोबांच्या किंवा काकांच्या परवान्यावरची बारा बोअर बंदूक असली, तर ती सोबत घ्यावी असं वाटतं. नसली, तर नवीन परवाना काढायची चौकशी सुरू होते.

आधी उत्तर देतो, मग प्रक्रिया सांगतो. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मुख्य वन्यजीव रक्षकांची (राज्याच्या वनविभागातले वन्यजीवांचे प्रमुख अधिकारी) किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी असल्याशिवाय शस्त्र नेता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं कलम ३१ हेच सांगतं. तुमच्या खिशात वैध शस्त्र परवाना असला तरी त्याने काही फरक पडत नाही. परवाना पोलीस किंवा जिल्हाधिकारी देतात आणि तो शस्त्र बाळगण्याचा असतो. जंगलात काय न्यायचं हे वनविभाग ठरवतो. ज्ञानगंगा अभयारण्य आहे, मेळघाटात अभयारण्यही आहे आणि राष्ट्रीय उद्यानही, हर की दूनची वाट गोविंद अभयारण्यातून जाते. म्हणजे अस्वलाची भीती जिथे वाटते, तिथेच बहुधा हे कलम लागू असतं.

या कायद्यातली ‘शस्त्रा’ची व्याख्याही एकदा वाचून घ्या. बंदूक आणि काडतुसांबरोबर धनुष्यबाण, सापळे, जाळी, विष, गळ आणि चाकूसुद्धा त्यात मोडतात. छऱ्याची एअरगन ‘बिनपरवान्याची असते’ म्हणून गाडीत टाकणारे बरेच जण भेटतात. ठरावीक ताकदीपर्यंतच्या एअरगनला शस्त्र कायद्याखाली परवाना लागत नाही हे खरं, पण प्राण्याला इजा करू शकणारं कोणतंही साधन वन्यजीव कायद्याच्या लेखी शस्त्रच आहे. स्वयंपाकाची सुरी नेणार असाल तर वनविभागाच्या नाक्यावर सामान दाखवताना स्वतःहून सांगा. कोयता मात्र घरीच राहू द्या. पुणे शहरातून तो गाडीत घेऊन निघालात तरी पोलीस अडवतील, आणि ते रास्तच आहे.

परवाना कुणाला मिळू शकतो

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ या दोन्हींवर सगळी प्रक्रिया चालते. अर्जदाराचं वय किमान २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यावरही ५ वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून द्यावा लागलेल्याला बाँडची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. शेती किंवा घर नावावर नाही, एवढ्या कारणावरून अर्ज नाकारता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

खरी अडचण येते ती ‘कारण’ या रकान्यात. व्यवसाय, नोकरी किंवा अन्य कारणाने जीविताला किंवा मालमत्तेला संरक्षणाची खरी गरज असलेली व्यक्ती, किमान दोन वर्षं नेमबाजी क्लबचा किंवा रायफल असोसिएशनचा सक्रिय सभासद असलेला खेळाडू, आणि संरक्षणाची गरज असलेले सैन्यदल, केंद्रीय दलं वा पोलीस दलातले आजी-माजी कर्मचारी, असे अर्जदार नियमांनी डोळ्यांसमोर ठेवले आहेत. पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद कायद्यात पूर्वीपासून आहे, पण ती शेतकऱ्यासाठी. वर्षातून दोनदा तंबू टाकायला जाणं ही संरक्षणाची खरी गरज आहे, हे परवाना अधिकाऱ्याला पटवणं फार कठीण, आणि माझ्या मते ते कठीणच असायला हवं. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर पट्ट्यात उसाच्या फडाला लागून राहणाऱ्या माणसाचा बिबट्यापासूनचा धोका रोजचा आहे. त्याच्या अर्जाच्या रांगेत आपला हौशी अर्ज नसावा.

अर्ज कुठे करायचा

तुम्ही राहता तो पत्ता कोणत्या हद्दीत येतो त्यावर हे ठरतं. पुणे शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त परवाना देतात. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे आणि हिंजवडी, चाकण त्यात येतात. लोणी काळभोर, लोणीकंद २०२१ पासून पुणे शहरात आले. उरलेल्या ग्रामीण भागासाठी जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय. हद्द चुकली की अर्ज परत येतो. त्यामुळे आधी आपलं पोलीस ठाणं कोणतं हे पक्कं करा.

अर्ज नमुना ए-१ मध्ये, केंद्र सरकारच्या शस्त्र परवाना पोर्टलवर ऑनलाइन भरायचा आणि त्याची छापील प्रत कागदपत्रांसह द्यायची. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे पासपोर्ट आकाराचे फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा जोडावा लागतो. शस्त्र घरी सुरक्षित, कुलुपात ठेवण्याचं हमीपत्र लागतं. नमुना एस-३ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. त्यात शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीबरोबर अर्जदार नशेच्या पदार्थांच्या आहारी गेलेला नाही, असा स्पष्ट उल्लेख हवा. तो नसला तर प्रमाणपत्र पुन्हा आणावं लागतं. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नमुना एस-१ मध्ये असतं. धोक्याच्या कारणावर अर्ज असेल तर पूर्वी दिलेल्या तक्रारी, पोलीस ठाण्यातल्या नोंदी, वनविभागाचे पंचनामे जोडा. अर्जाचं खरं वजन याच कागदांवर ठरतं.

त्यानंतर पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. गुन्ह्यांची नोंद, शेजाऱ्यांकडे विचारपूस, घरात शस्त्र ठेवायची जागा हे सगळं पाहिलं जातं. नियमांप्रमाणे पोलीस अहवाल ३० दिवसांत आणि अहवाल आल्यावर निर्णय ६० दिवसांत व्हायला हवा. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, म्हणून पोच आणि अर्ज क्रमांक जपून ठेवा. नकार आला तर कारणांची लेखी प्रत मागा आणि ३० दिवसांत अपील करा. पोलीस आयुक्तांच्या निर्णयावर अपील राज्य शासनाकडे, जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या निर्णयावर विभागीय आयुक्तांकडे.

अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय नवीन शस्त्र परवाना देता येत नाही (वन्यजीव कायद्याचं कलम ३४). पुणे जिल्ह्यात भीमाशंकर, ताम्हिणी आणि सुप्याचं मयूरेश्वर अशी अभयारण्यं आहेत. मुळशी, आंबेगाव, खेड, बारामतीतली अनेक गावं या टप्प्यात येतात. तिकडच्या फार्महाउससाठी अर्ज करणाऱ्यांनी ही संमती आधीच गृहीत धरावी, म्हणजे मध्येच फाइल अडल्यावर धावपळ होत नाही.

मिळाल्यानंतर

२०१९ च्या दुरुस्तीपासून एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं आणि परवान्याची मुदत ५ वर्षं. मुदत संपायच्या दोन महिने आधीच नूतनीकरणाला लागा. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते महाराष्ट्रापुरतं असेल तर उत्तराखंडात तो उपयोगाचा नाही. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, लांब बंदूक गवसणीत, आणि कोणतंही शस्त्र पूर्ण झाकलेलं हवं. उघड मिरवलं तर परवाना रद्द होऊ शकतो. निवडणूक लागली की बहुतेक परवानाधारकांना शस्त्र जमा करायला सांगतात. काकांच्या परवान्यावरची बंदूक स्वतः वापरायला घेऊन जाणं हा सरळ गुन्हा आहे.

अस्वल अंगावर आलंच तर?

वन्यजीव कायद्याचं कलम ११(२) सांगतं की स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने वन्यप्राणी मारला किंवा जखमी केला तर तो गुन्हा नाही. पण त्याच कलमाला अट जोडलेली आहे: त्या क्षणी तुम्ही याच कायद्याचा भंग करत असाल तर हे संरक्षण मिळत नाही. विनापरवानगी शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरलात तर भंग तिथेच झालेला असतो. अस्वल या कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतला प्राणी आहे, त्यामुळे शिक्षा ३ ते ७ वर्षांपर्यंत जाते. शिवाय न्यायालय शस्त्र परवाना रद्द करून पुढची ५ वर्षं अपात्र ठरवू शकतं. बचावात प्राणी मेला तरी तो सरकारी मालमत्ता असतो. त्याला हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं.

कायदा बाजूला ठेवला तरी बंदुकीचा उपयोग किती, हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रातलं अस्वल वाळवी, मध, मोहफुलं खाणारं. त्याची नजर आणि कान अधू, नाक मात्र तिखट. माणूस जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही आणि कळल्यावर ते घाबरून थेट धावून येतं. पिल्लं पाठीवर असतील तर विचारूच नका. विदर्भात मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या माणसांवर हल्ले होतात ते असेच, चार पावलांवरून. तेवढ्या वेळात गवसणीतून बंदूक काढून नेम धरणं सरावलेल्या माणसालाही जमेलच असं नाही. अलास्कातल्या जुन्या घटना तपासणाऱ्या २०१२ च्या एका अभ्यासात बंदूक वापरलेल्या आणि न वापरलेल्या लोकांच्या इजांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. तिथल्याच २००८ च्या अभ्यासात अस्वलांवर मारायच्या तिखट फवाऱ्याने तपकिरी अस्वलांना ९२ टक्के वेळा थोपवलं होतं.

त्यामुळे परवानगी काढायचीच तर प्रवेशाची आणि मुक्कामाची काढा. वन परिक्षेत्र कार्यालयात अर्ज करताना सगळ्यांची ओळखपत्रं, तारखा, गाडी क्रमांक, मुक्कामाची जागा द्या आणि स्थानिक वाटाड्या मागा. त्या भागात अस्वलाची माग-विष्ठा कुठे दिसते, पाणवठा कोणता टाळायचा, हे तिथला वनरक्षक नेमकं सांगतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला झाडीत शिरू नका, बोलत चला, वळणावर टाळ्या वाजवा, रात्री लघवीला जातानाही बॅटरी आणि सोबत घ्या. खाणं तंबूत ठेवू नका. शेकोटी वनविभागाने दिलेल्या जागेवरच.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे बंदूक बाळगता येते, पण पर्यटक व्हिसावरच्या परदेशी माणसाला संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. कॅनडात सीमेवर घोषणापत्र आणि २५ कॅनेडियन डॉलर भरून ६० दिवसांपुरती लांब बंदूक नेता येते, पण तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत ती सहसा चालत नाही. नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये ध्रुवीय अस्वलांमुळे वस्तीबाहेर जाताना त्यांना पळवून लावायचं साधन जवळ ठेवणं बंधनकारक आहे. बंदूक भाड्याने घ्यायची तर तिथल्या गव्हर्नर कार्यालयाची परवानगी निघण्याआधीच काढावी लागते. सशस्त्र वाटाड्यासह जाणाऱ्या गटात नाव नोंदवलं तर तुम्हाला स्वतः शस्त्र घ्यावं लागत नाही.