एचपीव्ही आणि टेलोमिअर: आखूड टोकांचा अर्थ कसा लावायचा?

टेलोमिअर (गुणसूत्राचं टोक) आखूड म्हणजे धोका, लांब म्हणजे तब्येत ठणठणीत, असं सरसकट समजलं जातं. गर्भाशयमुखाच्या पेशींत एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस), म्हणजे तिथल्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू, शिरला असेल, तर हा हिशेब कोलमडतो.

गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही डीएनएची 6 अक्षरं हजारो वेळा ओळीनं येतात. तो टेलोमिअर. डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेला अगदी शेवटचा तुकडा उतरवता येत नाही, म्हणून दर विभाजनाला साधारण 50 ते 100 अक्षरं गळतात. घोंगड्याच्या दशा झिजल्या तरी वीण शाबूत राहते, तसंच हे. टोक फारच आखूड झालं की पेशीला ते तुटलेल्या डीएनएसारखं दिसतं, पी-53 हे प्रथिन जागं होतं आणि विभाजन थांबतं. म्हणजे आखूड टेलोमिअर हा मुळात कर्करोगाला लावलेला ब्रेक आहे.

एचपीव्ही नेमका हाच ब्रेक काढतो. त्याचा जीनोम (सगळा डीएनए) जेमतेम 8 हजार अक्षरांचा. बारीक खरचटल्यातून तो सर्वांत खालच्या थरातल्या पेशी गाठतो. त्याचं ई-7 प्रथिन विभाजन आवरणाऱ्या आरबी या पहारेकऱ्याला निकामी करतं, ई-6 पी-53 ची विल्हेवाट लावतं. आता टोकं झिजली तरी पेशी थांबत नाही. उघडी पडलेली टोकं एकमेकांना चिकटतात, पुढच्या विभाजनात गुणसूत्रं ओढली जाऊन तुटतात. अशा बहुतेक पेशी मरतात. जी एखादी वाचते, तिच्यात टेलोमरेझ हे टोकं पुन्हा बांधणारं एन्झाइम चालू झालेलं असतं, आणि ते चालू करायलाही ई-6 हातभार लावतं. पण टेलोमरेझ टोकं पूर्ववत लांब करेलच असं नाही, बऱ्याचदा आहेत तेवढी टिकवण्यापुरतंच ते पुरतं. म्हणून कर्करोगाच्या पेशीतही टेलोमिअर आखूडच सापडू शकतात. नुसत्या लांबीवरून झीज चालू आहे की थांबली, ते कळत नाही.

त्यात मोजमाप नाजूक. रिअल-टाइम पीसीआरमध्ये (डीएनएच्या फेरीफेरीनं नकला काढत तो मोजण्याच्या पद्धतीत) टेलोमिअरचा सिग्नल आणि जीनोममध्ये एकाच जागी असणाऱ्या एखाद्या जीनचा सिग्नल यांचं गुणोत्तर काढतात. ही पद्धत रिचर्ड कॉथन यांनी 2002 मध्ये मांडली. दर सायकलला, म्हणजे फेरीला, डीएनए दुप्पट होतो, त्यामुळे दोन सिग्नलमधल्या फरकात 0.1 सायकलची चूक झाली तरी उत्तर सुमारे 7 टक्क्यांनी हलतं. टेलोमिअर 5000 अक्षरांचा धरला तर ही 350 अक्षरं झाली, म्हणजे साडेतीन ते सात विभाजनांची झीज! पिपेट किंचित चुकलं तरी एवढा घोळ होतो, म्हणून प्रत्येक नमुना तीन-तीन वेळा लावतात.

नमुन्यातही खोड्या असतात. ब्रशनं घेतलेल्या नमुन्यात वरच्या थराच्या चपट्या पेशी, आतल्या नलिकेच्या पेशी आणि दाह असेल तर भरपूर पांढऱ्या पेशी येतात. आकडा या सगळ्या खिचडीची सरासरी असतो, बिघडलेल्या मूठभर पेशी त्यात बुडून जातात. रक्त जास्त आलं तर त्यातलं हीम (रक्ताला लाल रंग देणारा लोहयुक्त रेणू) पीसीआर अडवतं. चंदगड किंवा गगनबावड्याहून नमुना कोल्हापुरात यायचा असेल तर तो डीएनए टिकवणाऱ्या द्रवातच हवा. फॉर्मालिनमध्ये घातला की डीएनएचे तुकडे पडतात.

संशोधनाला हे सगळं मोलाचं, पण पाकिटात मिळणाऱ्या ‘टेलोमिअर टेस्ट’वर या कारणासाठी पैसे घालवू नयेत. त्या बहुधा रक्तावर किंवा लाळेवर होतात, गर्भाशयमुखाबद्दल त्यातून काहीच समजत नाही. विषाणूची चाचणी मात्र कामाची. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. ही चाचणी जवळ नसेल तर तिशीनंतर व्हीआयए करता येते: गर्भाशयमुखाला 3 ते 5 टक्के अ‍ॅसेटिक आम्ल लावून मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का बघायचं.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आला म्हणून कर्करोग झाला असं नव्हे, बहुतेक संसर्ग वर्ष-दोन वर्षांत शरीरच निपटतं. पण कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय असो की खासगी दवाखाना, रिपोर्ट हातात आल्यावर विषाणूचा प्रकार कोणता हे जरूर विचारा. 16 किंवा 18 असेल तर वाट न बघता कोल्पोस्कोपी (गर्भाशयमुखाची भिंगातून तपासणी) करून घ्यावी.